शेवटच्या चढावरचा दोर

सारी-बेल, ३ एप्रिल

बुरुल एजे,

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. आमच्याकडे फोन फक्त खिडकीच्या कोपऱ्यात लागतो आणि त्या खिडकीखालीच सासूबाईंची, म्हणजे अपाची, बसायची जागा. मी 'हॅलो' म्हटलं की अपाची लोकरीची चाती फिरायची थांबते. म्हणून हे पत्र मिनीबसवाल्या एसेनच्या हाती देतेय. तुझ्या शिवणाच्या कारखान्यापर्यंत पोचवीन म्हणालाय.

बातमी अशी की जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या खोऱ्यात हाफ मॅरेथॉन आहे. एकवीस किलोमीटर, आणि त्यात सपाट म्हणावा असा रस्ता नावालासुद्धा नाही. शेवटचा चढ कब्रस्तानामागच्या टेकडीचा. तो चढलं की पलीकडे उतारावर शर्यत संपायची रेघ. नारीन शहराच्या क्रीडाशाळेची बाई गावात येऊन गेली. बायकांमध्ये ज्या पहिल्या तिघी येतील त्यांना शाळेत मुलींना पळायला शिकवायची नोकरी, राहायला खोलीसुद्धा.

सासरे माझ्याशी सरळ बोलत नाहीत, मीही त्यांच्याशी नाही, तुला रीत माहीत आहेच. अपाकरवी निरोप आला, "तिघींत आली तर खुशाल जा म्हणावं. नाही आली तर हे पळणं बंद, आणि उन्हाळाभर कुरणावर घोड्यांमागे." तालायला रशियात फोन लावला तर म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." पाऊस येईल का विचारलं तरी नवरा माझा तसंच म्हणेल.

एजे, तू माझी थोरली, म्हणून तुलाच सांगते, मला ती जागा हवीच आहे. इथे कुणी वाईट वागवत नाही. पण लग्न झाल्यापासून मी चहा ओततेय आणि साल्किन, तुला काय वाटतं, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

तुझी साल्किन


बिश्केक, ११ एप्रिल

साल्किन,

पाकीट एका अंगानं ओलं होतं. एसेन म्हणाला, कुमिस सांडला. एप्रिलमध्ये कुठल्या घोडीनं तुला कुमिस आंबवायला दूध दिलं रे, म्हटलं, तर गाडीखाली शिरून पाना फिरवायला लागला. यापुढे माझ्या प्रत्येक पत्रात माझा एक केस असेल. तो नसला तर पत्र कुणीतरी उघडलं असं समज.

तुझी बातमी वाचून आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. तुझ्या सासऱ्यानं, सेइशेननं, जन्मभर शर्यतीचे घोडे तयार केले. असा माणूस हरायची पैज लावत नाही. तू नारीनला गेलीस तर घोडींच्या धारा कोण काढणार? तुझी सासू, त्या गुडघ्यांनी? सून घराबाहेर जावी म्हणून झुरणारी सासू मी पाहिलेली नाही, आणि मी एक सोडून दोन सासवा पाहिल्यात. इतक्या लवकर हो म्हणाले ना, तिथेच पाणी मुरतंय.

आमची मुकादमीण गोड बोलली की आम्ही शिवणयंत्राला तेल घालून ठेवतो. त्या दिवशी सुट्टी रात्रीशिवाय होत नाही. तू पण डोळे उघडे ठेव. ते काय देतात आणि काय देत नाहीत, सगळं कळव.

आणि सावकाश पळ. लहानपणी मी पुढे असायचे तेव्हा तू चिडून दगडावर आपटायचीस.

बुरुल


सारी-बेल, २२ एप्रिल

एजे,

केस होता. पण पांढरा होता. कधी झाले ग तुझे केस पांढरे?

तुझं पत्र आलं नसतं तर बरं झालं असतं. आधी ज्या गोष्टींवर मी हसले असते त्यांनी आता झोप उडते. रात्रीचं जेवण बंद झालंय. मी पळून आले की अपा माझ्यापुढचं ताट उचलते, "चहा घे अन् झोप." भाकरीच्या पेटीला कुलूप. ही पेटी उघडी असायची, येणाजाणाराही हात घालायचा. सकाळी दारात नमद्याचा जाड कोट घेऊन उभी, "हा घालून पळ." उन्हात, चढावर, नमदा. परत आले की माझ्या मानेवरून तळहात फिरवते, तसाच ओला हात धरून कुंपणापलीकडे जाते आणि सासऱ्यांना दाखवते. ते वास घेतात, बोटं चोळून पाहतात. काल म्हणाले, "अजून घट्ट आहे." मग मला ओढ्याच्या बर्फासारख्या पाण्यात गुडघाभर उभं करतात.

मी पळते तेव्हा ते समोरच्या टेकडीवर घोड्यावर बसून दुर्बिणीतून पाहतात. मी मान वर केली की घोडा वळवतात.

अपाला विचारलं, "हे कशासाठी?" तर म्हणाली, "मोठ्यांना कळतं." तू सांग, काय कळतं यांना?

साल्किन


बिश्केक, ३० एप्रिल

साल्किन,

उपाशी ठेवायचं, उकडून काढायचं आणि वर घाम गोळा करायचा. मला आता कुणी काही शिकवू नये. इथे बाजारामागे ताईत करून देणारे रांगेनं बसतात. एकजण म्हणतो केस आण, दुसरा म्हणतो घाम आण, सून उंबरठा ओलांडणार नाही. तुझ्या सासऱ्यानं असल्या कुणाला गाठलं नाही, हे तू छातीवर हात ठेवून सांगशील?

ताईत जाऊ दे, मी त्यांना मानत नाही. पोटाला मात्र मानते. उपाशी माणूस चढ चढत नाही, एवढं सेइशेनला कळत नसेल? कळतं म्हणूनच कुलूप. आणि दुर्बीण कशाला? तू कुठे दमतेस, कुठे थांबतेस, ते पाठ करून ठेवतोय म्हातारा. पायात पाय घालायचा तर जागा माहीत हवी.

सोबत कुरुताच्या सुक्या गोळ्या पाठवतेय. कोटाच्या अस्तरात शिवून टाक आणि पळताना एकेक चघळ. टाके उलटे घाल, म्हणजे कुणी उसवलं तर तुला कळेल. एसेनला सांगितलंय की पुडीत बटणं आहेत. तो म्हणाला, "बटणांना दह्याचा वास येतो का एजे?" त्याच्याकडेही लक्ष ठेव.

बुरुल


सारी-बेल, १६ मे

एजे,

आधी हस, मग पुढे वाच.

परवा मी गोठ्यामागे लाकडं आणायला गेले. सासरे त्यांच्या तांबड्या घोड्याशी होते. त्याच्या पाठीवर नमद्याच्या झुली, पुढ्यात गवताची काडी नाही, रात्रभर उपाशी बांधलेला. त्याला फिरवून आणला, मानेवरून तळहात फिरवला, वास घेतला, बोटं चोळली आणि ओढ्यात नेऊन उभा केला. मी लाकडं टाकली आणि तिथेच बसून हसत सुटले. ताईत नाही न् काही नाही. माझी घोड्यासारखी तयारी चाललीय. अंगातला जड घाम निघून पाण्यासारखा पातळ घाम आला की घोडा पळायला तयार होतो म्हणे. काल अपा कुंपणावरून ओरडतच आली, "पातळ झाला ग तुझा, म्हातारा खूश आहे." जत्रेत बक्षीस मिळाल्यासारखं तोंड होतं तिचं.

खरं सांगू? या घरात मला एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. घोडा म्हणून का होईना.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी. गेल्या आठवड्यात शेवटच्या चढावर डोळ्यांपुढे काळोख आला. जाग आली तेव्हा तोंड गवतात होतं. त्या दिवशी सासरे बाजाराला गेले होते, म्हणून कुणी पाहिलं नाही. परवा पुन्हा थोडंसं तसंच झालं. हे कुणाजवळ बोलू नकोस. अपाला कळलं तर शर्यत गेली आणि नारीनही गेलं. तुला माझ्या आईची शपथ आहे.

साल्किन


बिश्केक, २१ मे

साल्किन,

पत्र मिळालं. शपथ घातलीस, बरं.

खात जा. कुरुत संपले असतील तर कळव. इथे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मान वर करायला फुरसत नाही. जपून पळ.

बुरुल

केस घालायचा राहिला. पाकीट मीच बंद केलंय.


सारी-बेल, ९ जून

एजे,

सगळं संपलं. नीट लिहिते, कारण तुझ्यासारखं डोकं मला आता हवंय.

शर्यत सुरू व्हायच्या आधी नारीनच्या बाईनं मैदानात उभं राहून नियम वाचले. पळणाऱ्याला कुणाचा हात लागला तर नंबर बाद. घोडे रस्त्यापासून लांब. सासरे पहिल्या रांगेत होते. गावातले वडीलधारे म्हणून बाईनं त्यांनाच मुद्दाम विचारलं, "अक्साकाल, ऐकलंत ना?" त्यांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी चांगली पळाले. पहिल्या चढावर सहावी, दुसऱ्यावर चौथी, ओढा ओलांडला तेव्हा तिसरी. मागची मुलगी वळणापर्यंत दिसतही नव्हती. तो नमदा नव्हता अंगावर, पाय हलके होते. कब्रस्तानामागचा चढ अर्धा झाला होता. डाव्या बुटाची नाडी सुटली. पडण्यापेक्षा बांधलेली बरी, म्हणून मी खाली वाकले.

तेवढ्यात टापा ऐकू आल्या. मान वर करते तो सासरे आणि त्यांचे दोन पुतणे टेकडीवरून थेट माझ्या अंगावर. एकानं कमरेत दोर टाकला, दुसऱ्यानं घोड्यावरूनच दंड धरला. पूर्वजांच्या नावाच्या आरोळ्या देत, जत्रेच्या शर्यतीत दमलेल्या घोड्याला भाऊबंद ओढून आणतात ना, अगदी तसं मला चढावरून ओढत नेलं. मी ओरडत होते, "सोडा, सोडा." आरोळ्यांत कोण ऐकतो? सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. टोप्या उडवत होतं. कुणीतरी मेंढी कापायला सुद्धा घेतली. फक्त ती बाई टाळ्या वाजवत नव्हती. तिनं माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला.

माझ्या मागून आलेली मुलगी नारीनला जाणार.

घरी कुणी बोलत नाही. सासरे मला पाहिलं की घोड्याला खरारा करायला जातात. अपा एवढंच म्हणाली, "जीव राहिला ना, बास." एजे, कुणाचा जीव? मी नाडी बांधत होते. ज्यांनी नियम ऐकून मान डोलावली ते दोर घेऊन टेकडीवर कशाला थांबले होते? आधीपासून दोर कशाला? तू म्हणाली होतीस, पायात पाय घालायचा तर जागा माहीत हवी. त्यांनी नेमकी तीच जागा धरली. आता तूच सांग, हे कुणी ठरवलं?

साल्किन


बिश्केक, १५ जून

माझी साल्किन,

पत्र तीनदा वाचलं. फार वाईट झालं. पण बाळा, राग आवर. म्हातारी माणसं आहेत. घोड्यांत आयुष्य गेलं, त्यांना बुटाच्या नाडीचं काय कळणार? तुझे सासरे मनानं सरळ आहेत, मला तरी तसं वाटतं. मायेपोटीच केलं असेल. अपालाही दोष देऊ नकोस. प्रत्येक गोष्टीमागे डाव असतोच असं नाही. माणसावर विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर जगायचं कसं?

शर्यत पुढच्या वर्षी येईल. तुझ्यासाठी निळा कुडता शिवलाय, एसेनबरोबर पाठवतेय. एसेनही भला माणूस आहे.

तुझी एजे


सारी-बेल, २० जून

बुरुल एजे,

कुडता मिळाला. घातलेला नाही.

मला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी तुला ओळखते. तू दुकानातून अंडी आणलीस तरी उजेडाशी धरून पाहतेस. आपल्या गावच्या मुल्लाला तू दोनदा विचारलं होतंस, दुवा पूर्ण म्हटलीत ना? आणि माझ्या कमरेत दोर टाकून मला घोड्यासारखं ओढलं, माझी नोकरी गेली, तर म्हणे मनानं सरळ आहेत. अपाला दोष नको. आणि एसेनसुद्धा भला माणूस.

पत्र वाचून मी पायरीवर बसून राहिले. मग अपाचं ते 'जीव राहिला ना' आठवलं. मी चढावर पडले होते हे या जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी.

तू संशय घ्यायची थांबलीस, तेव्हाच मला तुझा संशय आला. काय केलंस ते लिही. गोड लिहू नकोस.

साल्किन


बिश्केक, २७ जून

साल्किन,

हो, मी केलं.

तुझं मे महिन्यातलं पत्र आलं त्या दिवशी मी सतरा कुडत्यांना कॉलर उलटी लावली. मुकादमीण ओरडली ती मला ऐकूच आली नाही. संध्याकाळी तुझ्या सासऱ्याला फोन केला. म्हटलं, "पोरगी शेवटच्या चढावर पडते. दोनदा पडली. कुणाला सांगणार नाही ती. तिच्यावर नजर ठेवा." एवढंच बोलले.  तो म्हणाला, "ठेवतो." दोर आण असं मी म्हटलं नव्हतं. पण तू वाकलीस तेव्हा त्याला ती नाडी दिसली नाही, माझं बोलणं दिसलं.

शपथ मोडली. तुझ्या आईची घातलीस म्हणूनच मोडली. ती ओढ्यावर वाकली तेव्हा मी दोन हातांवर होते. मला वाटलं, बादली विसळतेय. मी गाणं म्हणत राहिले, आणि ती उठलीच नाही. तेव्हापासून कुणी वाकलेलं मला पाहवत नाही. वाकलेल्या माणसाचा पहिला संशय मला मरणाचाच येतो, बाकीचे सगळे नंतर. तुझं ते पत्र वाचून मी दिवसभर तुला गवतात पडलेलीच पाहत होते.

सासऱ्याचा दोष असल्याचं लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास. लिहायला बसलेही होते. हात चालला नाही. म्हणून त्याला सरळ म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असंच असावं.

डॉक्टरकडे जा. रागावली असशील तरी जा. परत मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल, पण जा.

बुरुल


जायलू, १२ ऑगस्ट

बुरुल एजे,

कुरणावरून लिहितेय. पैज हरल्यावर इथेच यायचं होतं. एसेन आठवड्यातून एकदा खाली घाटापर्यंत येतो. भला माणूस आहे की नाही ते माहीत नाही, पण कुमिस आता खरोखरच सांडतो.

डॉक्टरीणबाईकडे जाऊन आले. अपा सोबत होती. हृदय ठणठणीत आहे. रक्त कमी आहे. बाईनं विचारलं, "रात्री काय जेवतेस?" अपानंच सांगितलं, "चहा." बाईनं चष्मा काढला आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं.  घरी आल्यावर अपानं पेटीचं कुलूप काढून ओढ्यात फेकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चाळीस वर्षं घोड्यांत राहिलास, आता सून आणि घोडा यांतला फरक मी सांगू?" तेव्हापासून माझ्यापुढे रात्री एवढा रस्सा येतो की मला पळता काय, चालताही येत नाही.

म्हणजे बघ. त्यांनी प्रेमानं उपाशी ठेवलं, म्हणून मी पडले. मी पडले म्हणून तू प्रेमानं फोन केलास. तू फोन केलास म्हणून त्यांनी प्रेमानं दोर टाकला. सगळ्यांनी माझ्यावर प्रेम केलं आणि नोकरी दुसरीला मिळाली. तुझा पहिला संशय बरोबर होता, की उपाशी माणूस चढ चढत नाही. तेवढाच त्यांना कळवला असतास तर?

मी सासऱ्यांशी बोलले. सरळ, तोंडासमोर. तंबूबाहेर ते लगाम शिवत होते. म्हटलं, "अताके, तुम्ही नियम ऐकले होते." पुतणे उठून गेले, अपाच्या हातातली पळी तशीच राहिली. सासऱ्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "ऐकले होते. नंबर गेला तरी चालेल म्हटलं. तोंडातून फेस येण्याआधी ओढावं लागतं." मी म्हटलं, "घोड्याला बोलता येत नाही म्हणून तुम्ही त्याच्या मानेचा घाम बघता. मला बोलता येतं. मला विचारायचं होतं." त्यांनी लगाम बाजूला ठेवला. म्हणाले, "विचारायची सवय नाही, पोरी." मला 'पोरी' म्हणून त्यांनी मारलेली ही पहिलीच हाक. मग अपाकडे वळून, "तिला सांग, पुढच्या वर्षी घोडे खालीच बांधू. पळू दे." मी तिथेच उभी होते तरी अपानं मला तो निरोप नीट सांगितला.

नारीनची जागा गेली, ती गेलीच. पुढच्या वर्षी जागा असेल की नाही, ती बाईही सांगू शकत नाही. तरी मी पळणार. रोज पहाटे इथल्या टेकडीवर जाते, पोटभर खाऊन.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. कधी तुझा कुडता हातात घेते, कधी परत ठेवते. आई ओढ्यावर वाकली ते तू मला आजवर का सांगितलं नाहीस, ते माझ्या लक्षात आलंय. तू एवढीशी होतीस ग. पण मी आई नाही. आणि मी घोडाही नाही.

पुढच्या जूनमध्ये इथे ये. फोन नको, दुर्बीण नको. शेवटच्या चढावर कडेला उभी राहा. मी वाकले, बसले, आडवी झाले तरी रस्त्यात पाऊल टाकायचं नाही. मी हाक मारली तरच यायचं. लागली गरज तर मी हाक मारीन एजे, एवढं तरी माझ्यावर सोड.

साल्किन